पटावर एकतीस, ताटावर चौदा

सोमवार, २६ ऑक्टोबर

ही वही सिद्धराम गुरुजींनी दिली. म्हणाले, "धुरपताबाई, खिचडीच्या वहीत नुसती ताटं लिहिता. हिच्यात मनातलं लिहा." तेरा वर्षं मी शाळेत खिचडी शिजवते. शाळेत बसून शिकले नाही, शाळेच्या चुलीपाशी बसून शिकले. आत गुरुजी पोरांना बाराखडी सांगायचे, बाहेर मी राखेत गिरवायची. चुकलं तर चुकलं, कोण वाचणार आहे.

आज वाडीतली अकरा घरं ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला गेली. शाळेतली सतरा लेकरं संगं गेली. यंदा तर घरी म्हातारं माणूस ठेवायचीही सोय नाही. विहिरीत चिखलसुद्धा उरला नाही, टँकर येतो तेव्हा येतो.

एक लेकरू मी ठेवून घेतलं. मारोतीची आणि नागुबाईची सिंधु. तिसरीत आहे. नागुबाई म्हणत होती, "काकू, ऱ्हाऊ दे. तिकडं मोळ्या तरी बांधू लागती." मी म्हणलं, "नऊ वर्षांची पोर मोळी बांधती, का मोळीत बांधायची असती?" ती हसली. मग म्हणाली, "औंदा ठेवते. म्होरल्या साली काय?" मी म्हणलं, म्होरल्या साली शाळेतच वसतिगृह होईल, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत, मी करून घेते.

कोणाच्या जिवावर बोलले कुणास ठाऊक. बोलून गेले. नागुबाईनं मात्र ते पदराला बांधल्यासारखं बांधून नेलं.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

गुरुजींनी पालकांच्या बैठकीत सरकारचा कागद वाचला. वीसपेक्षा कमी लेकरं असलेल्या शाळांची माहिती मागवली आहे. अशा शाळा बंद करायच्या आणि लेकरं जवळच्या शाळेत घालायची. आमची जवळची शाळा म्हणजे नाल्यापलीकडं, मोठ्या गावाला, चार किलोमीटर. मधे एक घर नाही. पोरीला तिकडं एकटी कोण धाडील?

आमच्या पटावर एकतीस नावं आहेत. पण ऊस लागला की ताटावर चौदा. गुरुजी गेलेल्यांची नावं काढत नाहीत. हजेरीत त्यांना हजर लिहून वर शिसपेन्सिलीनं बारीक ठिपका देतात. मला ते पटत नाही. लेकरू नाही तर नाही लिहावं. माझ्या वहीत जेवढी ताटं तेवढाच आकडा, आभाळ पडलं तरी.

ठरलं असं की आमदार साहेबांनी नागपूरच्या अधिवेशनात आमच्या वसतिगृहाचा प्रश्न मांडायचा. सिंधु माझ्याकडं आहे म्हणून नागपूरला जाणाऱ्या पालकांत माझंही नाव घातलं. साहेबांची कामं बघणारा नरसिंग आपलाच आहे. त्याच्या आईचं शेत आणि माझी मजुरी, अशी आमची जुनी ओळख.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

नरसिंग आला. पांढरी गाडी, पांढरे कपडे, दोन फोन. शाळेत सगळ्यांसमोर "धुरपताबाई, बसा" म्हणाला. बैठक उठल्यावर चुलीपाशी आला तेव्हा "माय" म्हणाला. बरं वाटलं. लहानपणी त्याची आई रानात असायची तेव्हा तो माझ्या दाराआड बसून जेवायचा, भाकरी आणि ठेचा. आजीला सांगू नको म्हणायचा. मी कधीच सांगितलं नाही.

चहा ठेवला तर म्हणाला, पित्त आहे, घेत नाही. शहरात राहून पोटं नाजूक होतात. गाडीत बसल्यावर कोणाच्या तरी थर्मासातला घेतला, तो बिनसाखरेचा असेल.

तो म्हणाला, "माय, साहेब सभागृहात उभे राहतील. पण मंत्री पुरावा मागतो. पोरं जातेत हे दाखवायचं कशानं? गुरुजीच्या हजेरीत तर समदे हजर."

मी खिचडीची वही पुढं केली. गेल्या जूनपासूनचं सगळं आहे हिच्यात. जून ते दसरा एकतीस, तीस, एकतीस. ऊस लागला की चौदा, तेरा, चौदा. पाडव्यानंतर पुन्हा तीस. पहिल्या पानावर माझी सही. आंधळ्यालाही कळावं की लेकरं आहेत, फक्त सहा महिने त्यांना ठेवून घेणारं कोणी नाही.

त्यानं वही चाळली. म्हणाला, "सोनं हाय हे, माय."

गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "वही देऊ नका."

"का? खोटं हाय का त्यात?"

"खरं हाय म्हणूनच म्हणतो. कुणाच्या हातात देतो ते बगावं."

मला राग आला. गुरुजी ठिपके देतात ते उघडं पडेल म्हणून भितात की काय? तांदूळ एकतीसचा येतो आणि चौदा जेवतात, उरलेल्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे, आठवड्याला लेकरांना घरी पसापसा देतो आम्ही. पण लोकांना काय सांगणार. गुरुजी चांगले आहेत, नोकरीला भिणारे आहेत.

वही दिली.

जाताना नरसिंग म्हणाला, "आता लातूर जिल्ह्याचे दोन होणार. नवा जिल्हा आपल्या साहेबांमुळं येणार बघ. मग शाळाच काय, समदंच हाय." फाट्यावर नव्या जिल्ह्याचा मोठा फलक लागला आहे. साहेबांचा फोटो, खाली नरसिंगचा, टिकलीएवढा.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. खिचडीला पाणी नाही म्हणून आता प्रत्येक लेकरू घरून एक तांब्या आणतं. चौदा तांब्यांत डाळ काही नीट शिजत नाही, दाताखाली येते.

आज पोरांनी विधान भवनाला पोस्टकार्डं लिहिली. गुरुजी म्हणाले, मनानं लिहा. एकानं लिहिलं, "साहेब, खिचडीत अंडं द्या." त्याला म्हणलं, अरे बाबा, आपलं मागणं वसतिगृहाचं आहे. तर म्हणाला, "वसतिगृहात बी अंडं लागंलच की." राहू दिलं.

सिंधुनं लिहिलं, "आमच्या वर्गात आठ जण होतो. आता तिघं आहोत. कबड्डी होत नाही. बाकीच्यांना परत आणा. मी आजीकडं राहते. आजी चांगली आहे पण घोरते."

ते घोरायचं खोडून टाक म्हणलं. ती म्हणाली, "तूच म्हणतीस ना खरं लिहावं."

सोमवार, १४ डिसेंबर, नांदेड

सिंधु, मी आणि तीन बाप्ये. नागपूरची गाडी संध्याकाळी आहे. गुरुजींना रजा नाही मिळाली, स्टँडपर्यंत आले होते, माझ्याशी फार बोलले नाहीत.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो. सिंधुनं एवढी माणसं एका पंगतीत पहिल्यांदा बघितली. डाळ, भाकरी, खीर. वाढणारा पुन्हा पुन्हा येतो. तिनं मला विचारलं, "आजी, हितं ताटं कोण मोजतंय?"

मी म्हणलं, हितं मोजत नसतेत.

"मग सरकारला कसं कळतं?"

मी म्हणलं, खीर खा.

बुधवार, १६ डिसेंबर, नागपूर

आजचा दिवस लिहायला पानं पुरायची नाहीत.

सकाळी दीक्षाभूमीला जाऊन आले. आम्ही ज्या मोर्चात शिरलो तो पोलिसांनी अडवला, तिथंच रस्त्यावर बसलो. शेजारी अंगणवाडीच्या बायका होत्या, त्या सलग पाचव्या वर्षी आल्या होत्या. एक म्हणाली, "पहिल्यांदाच का? मग पाणी जपून प्या, हितं संडासाची सोय नाही." नरसिंग आला, दोन पास आणले, सिंधुला आणि मला आत नेलं. फोन, पिशवी, सिंधुचा कागदाचा झेंडासुद्धा दारात ठेवून घेतला. वरच्या गॅलरीत बसवलं. बोलायचं नाही, हात दाखवायचा नाही.

खाली साहेब उभे राहिले. आमच्या वाडीचं नाव घेतलं. सिंधुनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मंत्री उठून वाचायला लागले. "गावकऱ्यांनी स्वतः सादर केलेल्या पोषण आहाराच्या नोंदवहीनुसार" एवढं नीट ऐकू आलं. माझी वही! राखेत गिरवलेली अक्षरं कुठवर आली. त्यानंतर समोरच्या बाकांवरची माणसं दुष्काळावरून ओरडत मधे आली, पुढचं काही ऐकू आलं नाही. साहेब पुन्हा उठले, मंत्र्यांचे आभार मानले आणि नव्या जिल्ह्याचं काहीतरी बोलले. बाकं वाजली.

आभार मानले म्हणजे काम झालं. बाहेर आल्यावर नरसिंगला विचारलं, काय म्हणाले? तो फोनवर होता. अंगठा वर करून दाखवला.

मुकादमाच्या फोनवर नागुबाईला सांगितलं. ती फडात होती, मागं कोयत्याचा आवाज. "खरंच का काकू?" तिनं तीनदा विचारलं. मी तीनदा हाव म्हणलं.

सोमवार, २५ जानेवारी

शाळा बंद. वार्षिक परीक्षा झाली की बंद.

कागद आज आला. सव्वीस जानेवारीचं कवायतीचं मैदान आखत होतो, चुना माझ्या हातात होता. गुरुजींनी वाचला आणि माझ्याकडं दिला. सरासरी उपस्थिती चौदा. मला वाटलं गुरुजींनीच काही कळवलं असेल. लेकरांसमोर बोलले. "तुम्हाला बदली पायजे होती, मिळाली आता." आणखीही बोलले, ते लिहीत नाही. ते ऐकून घेत उभे राहिले. मग म्हणाले, "मागचे कागद बगा."

मागं माझ्या वहीची झेरॉक्स होती. पहिलं पान, माझ्या सहीचं. त्यानंतर एकदम नोव्हेंबर. चौदा, तेरा, चौदा, चौदा, मार्चपर्यंत. जून नाही, जुलै नाही. एकतीसचं एकही पान नाही.

मी दोनदा उलटून बघितलं. पानं गळून पडत नसतात. कोणीतरी बसून निवडली. तांदळातले खडे निवडतात तशी, पण खडे ठेवले आणि तांदूळ फेकले.

वर जोडलेल्या पत्राखाली नरसिंगची सही. पोराला सही करायला गुरुजींनीच शिकवलं होतं, ह्याच शाळेत.

गुरुजींच्या पाया पडायला वाकले, तर ते मागं सरकले. "वयानं मोठ्या हाव तुम्ही." मग म्हणाले, "चुना वाळून चाललाय. रेघ पुरी करा."

बुधवार, ३ फेब्रुवारी

काल लातूरला गेले. त्याला सांगून नाही गेले. वाटभर वाटत होतं की साहेबांनी केलं असेल, त्याच्या नकळत. पोराच्या हातून सही घेतली असेल.

नवं घर आहे. मला ओळखून दचकला, मग आत घेतलं. चहा आला. त्याला चिनी मातीच्या कपात, मला कागदाच्या.

"पानं कुठायत?" मी विचारलं.

"कंची पानं, माय?"

"पावसाळ्याची. जून ते दसरा."

त्यानं फोन पालथा ठेवला. मग म्हणाला, "माय, तुला हे कळायचं न्हाई. वरून सांगणं आलतं, का प्रत्येकानं आपापल्या भागातल्या बंद करायला धा शाळा दाखवा. साहेबांना नवा जिल्हा पायजे. धा शाळा गेल्या तर जिल्ह्याचा कागद हलतो. जिल्हा आला की कलेक्टर हापिस, मोठा दवाखाना, कालेज. चौदा लेकरांपायी जिल्हा सोडायचा का?"

"एकतीस," मी म्हणलं.

"बाकीच्या गावांच्या आकड्यावर मंत्री इश्वास ठेवंना. तुझीच वही खरी निघाली. साहेब म्हणले, अशी इमानदार बाई बघितली न्हाई. खरं सांगतो."

हे तो मला खूश करायला सांगत होता. खरंच. त्याच्या तोंडावर लाजही नव्हती, लहानपणी दोन भाकरी खाऊन तिसरी मागायचा तसा चेहरा.

मग म्हणाला, फाट्यावर इंग्रजी शाळा होते आहे, पिवळी बस वाडीत येईल. सिंधुची फी मी बघतो, तू कोणाला बोलू नको. भिंतीवर त्या शाळेच्या भूमिपूजनाचा फोटो होता. कुदळ त्याच्या बायकोच्या हातात, खाली लिहिलं होतं, संस्थेच्या अध्यक्षा.

इथं खोटं लिहून काय उपयोग. माझं मन हललं. सिंधु गणवेशात, टाय लावून, बसच्या खिडकीत, असं मी बघितलं डोळ्यासमोर. एक लेकरू तरी निघेल. जिला शब्द दिला तिचंच निघेल. मी लगेच नाही म्हणाले नाही. वही तेवढी मागितली. तो म्हणाला, ती आता सरकारी फाइलला लागली.

एसटीत बसल्यावर तीस जणांची तोंडं आठवायला लागली, एकेक करून, नावानिशी. शिरूर अनंतपाळ आलं तेव्हा कुठं कळलं, की मी तिथं हाव म्हणून आले नाही, पण नाही म्हणूनही आले नाही. आज सकाळी गुरुजींच्या फोनवरून त्याला कळवलं, बसचं नको.

शनिवार, १२ मार्च

टोळ्या लवकर परतल्या, यंदा उसालाच पाणी नाही. नागुबाई काळी पडली आहे, हाताला फडकं. मारोतीचं पाऊल कोयत्यानं कापलं होतं, भरत आलं आहे. सिंधुनं त्यांना पाढे म्हणून दाखवले, बाराच्याला अडखळली. नागुबाईनं मला साखरेची पुडी दिली. "काकू, वसतिगृह कवा बांधतेत?"

मी म्हणलं, बघू.

शाळा बंद होणार हे तिला चार दिवसांत कळेलच, कोणीही सांगेल. कशानं बंद झाली ते गुरुजींशिवाय कोणाला ठाऊक नाही. गुरुजी बोलणार नाहीत.

बघू म्हणलं मी. हा शब्द सरकारी लोकांचा.

गुरुवार, १४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, सगळ्यांच्या तोंडी तेच. वाडीत मिरवणूक निघाली, रंग नाही उडवला, पाणी कुठून आणणार.

साहेब आले. नरसिंगच्या हातात माइक. पिवळी बस जूनपासून वाडीत येणार असं त्यानं सांगितलं. फी किती ते मागून कोणी तरी विचारलं, तर म्हणाला, कार्यालयात भेटा. मग म्हणाला, "आज एका प्रामाणिक माउलीचा सत्कार करायचा आहे. श्रीमती धुरपताबाई. यांच्या खऱ्या नोंदीमुळं शासनाला निर्णय घेणं सोपं गेलं." टाळ्या पडल्या. आमच्याच लोकांनी वाजवल्या, त्यांना काय ठाऊक.

साहेबांनी शाल घातली. मी माइक मागितला. नरसिंगनं दिला. मी आभार मानणार असं त्याला वाटलं.

नागुबाई पुढंच बसली होती, सिंधु मांडीवर. मी तिच्याकडं बघून बोलले, दुसरीकडं बघितलं असतं तर जमलं नसतं. "नागुबाई, शाळा बंद झाली ती माझ्या वहीनं झाली. मी ती नरसिंगच्या हातात दिली. त्यानं पावसाळ्याची पानं काढून ठेवली आन् उसाची पानं म्होरं केली. गुरुजी नको म्हणत होते. मी त्यांचं ऐकलं न्हाई. तुम्हाला येऊन म्हैना झाला, मी बोलले न्हाई."

नरसिंग कानाशी म्हणाला, "माय, बस झालं." आज सगळ्यांसमोर माय म्हणाला. मग माइक बंद पडला, का पाडला.

शाल मंचावरच ठेवून उतरले. जय भीम म्हणायचं राहिलं.

शुक्रवार, १५ एप्रिल

सकाळी नागुबाई आली. सिंधु मागं उभी. मी चटई टाकली, ती बसली नाही.

म्हणाली, "पोरीचं दप्तर दे."

मी दप्तर आणलं, पुस्तकं भरली, पाटी पुसून ठेवली. म्हणलं, "जूनपासून मी तिला रोज नाल्यापल्याड नेऊन घालते, संध्याकाळी घेऊन येते. चार किलोमीटर काही जास्त न्हाई."

तिनं माझ्या गुडघ्यांकडं बघितलं.

मग म्हणाली, "काकू, तू लिहिलंस ते खरं व्हतं?"

"हाव. खरं व्हतं."

"नरसिंगनं बेइमानी केली ते समजलं. त्याचं मला नवल न्हाई. पर आमची लेकरं कवा हायेत आन् कवा न्हाईत, ते लिहून देते म्हणून तू आम्हाला एकदा तरी इचारायचं व्हतं. मुकादमाचा नंबर तुझ्याकडं व्हता. मी न्हाई म्हणले असते. मारोती बी न्हाई म्हणला असता. आमी आडाणी, पर एवढं कळतंय, का आपलं लेकरू घरात नसलं तरी कागदावरून काढू देऊ नये. गुरुजीला ते कळत व्हतं."

मी म्हणलं, "तुमच्या भल्यासाठीच दिलं गं."

"ते ठाव हाय," ती म्हणाली. "म्हणून तर भांडता बी येईना."

दप्तर तिनं स्वतःच्या खांद्याला लावलं. दाराशी सिंधु थांबली. "येते आजी" म्हणायचं तिच्या तोंडावर आलं होतं. आधी तिनं आईकडं बघितलं, म्हणू का म्हणून.

नागुबाई पुढं चालू लागली होती. सिंधु तिच्या मागं गेली.